डुकरांची लाळ आणायला मावळात

लोक मावळात येतात ते लोणावळ्याच्या चिक्कीसाठी, नाहीतर भुशी धरणावर भिजायला. मी मागच्या महिन्यात गेलो ते डुकरांची लाळ आणायला. माझी धाकटी बहीण मंजू जनावरांची डॉक्टर आहे. तिचा मदतनीस ऐनवेळी आजारी पडला आणि तिने फोन केला, "दादा, शनिवारी मोकळाच असशील ना?" मी हो म्हणालो आणि फसलो.

सकाळच्या लोणावळा लोकलने मंजूबरोबर वडगावला उतरलो. तिकीट चहापेक्षा स्वस्त. स्टेशनबाहेर वडापाव आधीच खाऊन घ्या. नंतर हातांना जो वास येतो त्याने भूक मरते. पुढे शेअर रिक्षा. सोबत शिरगावला साईदर्शनाला निघालेलं जोडपं होतं, त्यांना आमचं दैवत सांगितलं नाही. शेवटचा टप्पा पायी. चपला घालून जाऊ नका, मी गेलो होतो.

डुकरं पाळणाऱ्या शांतामावशींच्या शेडमध्ये खोकला शिरला होता. गेल्या खेपेला राणी डुकरिणीची सगळी पिल्लं खोकून खोकून गेली. आता ती पुन्हा गाभण होती. संसर्ग कोणत्या जिवाणूचा हे कळल्याशिवाय मंजू औषध देणार नव्हती, आणि मावशींचा जीव त्या न जन्मलेल्या पिल्लांत अडकला होता.

तपासणीसाठी रक्त काढायचं तर चार माणसं आणि कानठळ्या बसवणारी बोंब. म्हणून मंजू डुकरांच्या कप्प्यात जाड सुती दोर टांगते. डुकरं तो चघळतात, मग दोर पिशवीत घालून पिळायचा आणि लाळ नळीत भरायची. पिळायला मी. एमबीएचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

डुकरं दोरावर तुटून पडली. नळी काठोकाठ भरली. मी ऐटीत नळीच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'सगळा कप्पा', आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"सगळा कुटं?" मावशी म्हणाल्या. "राणी आलीच न्हाई की दोराला."

राणी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"भूक नसेल तिला," मी म्हणालो.

"आवो, खोकतीया ती, आन् तुमी लाळ घेतली धडधाकटांची! दुखणाईत माणूस कदी पंगतीला येतंय व्हय?"

मंजूचा चेहरा उतरला. "मावशी, हे मीच बघायला हवं होतं."

मावशी नवा दोर घेऊन वाकून आत शिरल्या आणि राणीच्या तोंडापाशी धरून बसल्या. "घे गं बाय, उलीसं चाव." अर्धा तास गेला. मी भुशीला जायला उशीर होतोय म्हणून चुळबुळत होतो, त्याची आज लाज वाटते. शेवटी राणीने दोर तोंडात घेतला. चमचाभर लाळ निघाली, ती वेगळ्या नळीत गेली.

भुशी राहिलंच. परतीच्या लोकलमध्ये मांडीवरचा बर्फाचा डबा बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, "मासे का?" मी हो म्हणालो.

आठवड्याने तपासणीचा निकाल आला. माझ्या भरलेल्या नळीत काही नाही. राणीच्या चमचाभर लाळेत जिवाणू. त्याच दिवशी औषध सुरू झालं.

बूट घेतलेत, हातांचा वास गेलाय. परवा मावशींचा फोन आला, राणी व्याली.

"पिल्लं बरी आहेत का?"

"सगळी बरी हायती."

"सगळी म्हणजे?"

"सगळी म्हंजी सगळी," मावशी म्हणाल्या. "कोपऱ्यातली धरून."