किंचाळीच्या आधी

लोक म्हातारपणी भजनी मंडळात जातात, मी जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या मंडळात जाते. फारसा फरक नाही. दोन्हीकडे जमलेल्यांचे गुडघे दुखत असतात आणि दोन्हीकडे, जो ओ देत नाही त्याला हाका मारत बसायचं असतं.

आमची जागा शिरोली एमआयडीसीत, एका फौंड्रीच्या वरच्या खोलीत. फौंड्रीचे मालक पन्नाशीचे, धिप्पाड. मशिनांच्या धडधडीत आयुष्य गेल्यामुळे कानात सांगायची गोष्टसुद्धा ते हायवेपर्यंत पोचवतात. खाली त्यांचं लोखंड आणि वर त्यांची हौस. टीव्हीला जोडायचे छोटे कॉम्प्युटर, रबरी बटणांचे, पिवळे पडलेले, कुणाच्या माळ्यावरून नाहीतर भंगारातून आणलेले. कारखान्याला सुटी असली की आम्ही चार-पाच जण तिथं जमतो, भडंग खातो आणि एकेकाळी ज्या कामाला तासभर लागायचा त्याला आजही तासभर लावतो. नव्या फोनवर ते चुटकीसरशी होतं, असं आमच्यात कुणी म्हणत नाही. म्हटलंच तर त्याला त्या दिवशी भडंग मिळत नाही.

मी शिरले ती कॅल्क्युलेटरच्या वाटेनं. नातीनं कॉलेज संपल्यावर तिचा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर टाकायला काढला होता. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईच्या डोळ्यांदेखत! मी तो ओढून घेतला. त्यात प्रोग्राम लिहिता येतो हे कळल्यावर मला पंख फुटले. मंडळात एक पोरगी येते, दिवसभर घरून सॉफ्टवेअरची नोकरी करते आणि सुटीला अशा कॅल्क्युलेटरवर खेळ लिहिते. तिच्याकडून चार गोष्टी शिकून मी त्या इवल्याशा स्क्रीनवर समीकरणांनी जोतिबाचा डोंगर काढला. मालकांनी तो डोळ्यांजवळ धरून बघितला.

"काकू, उसाची ट्रॉली झकास काढलीया."

"डोंगर आहे तो."

"व्हय व्हय. भरलेली ट्रॉली डोंगरागतच दिसती की."

असं आमचं चालतं. पण खरं सांगायचं तर मी तिथं जात राहिले ती डोंगरासाठी नाही. माझ्याकडे एक बुटांचं खोकं होतं आणि त्यात कॅसेटी होत्या. त्या कॅसेटींत आमच्या ह्यांचा आवाज होता.

आजकालच्या वाचकांना हे उकलून सांगायला हवं. त्या काळी आमच्या घरात असाच एक रबरी बटणांचा कॉम्प्युटर होता. हे साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात होते आणि मुंबईच्या कुणा ओळखीच्याकडून त्यांनी तो मोठ्या मिनतवारीनं मिळवला होता. त्याला स्वतःची स्मरणशक्ती अशी नव्हतीच. वीज गेली की लिहिलेलं सगळं गेलं. म्हणून प्रोग्राम गाण्याच्या साध्या कॅसेटवर उतरवून ठेवायचा. टेपरेकॉर्डरला वायर लावायची आणि कॉम्प्युटर एक किंचाळी फोडायचा. ती किंचाळी म्हणजेच प्रोग्राम. पुन्हा हवा झाला की तीच किंचाळी त्याला ऐकवायची. आता एका कॅसेटवर पाच-सहा किंचाळ्या, आणि माणसाच्या कानाला सगळ्या सारख्याच. म्हणून रिवाज असा की वायर लावायच्या आधी माइकमध्ये तोंडानं प्रोग्रामचं नाव सांगायचं. आधी नाव, मग किंचाळी. शोधताना नाव ऐकू आलं की थांबायचं.

पहिल्या कॅसेटवर नावं ह्यांनी सांगितली होती. ह्यांचं गाव आजऱ्याकडचं. शिकून, नोकरी लागून, कोल्हापुरात घर करूनही जिभेवरचा गाव गेला नव्हता. "हं, ह्यो पाढ्यांचा हाय," असं त्यांनी सांगितलेलं मला पक्कं आठवतं. आणि ते ऐकून मी कपाळावर आठ्या घातल्या, तेही आठवतं.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. इस्त्रीची कॉटनची साडी, खांद्याला पर्स आणि तोंडात प्रमाण मराठी. मला रेडिओवर निवेदिका व्हायचं होतं. आवाजाच्या चाचणीत रेडिओवाल्यांनी मला परत पाठवलं होतं आणि ते दुःख मी कितीतरी वर्षं मनात कुरवाळत होते. म्हणाले होते, आवाज छान आहे, पण बाई, तुम्ही बातमी वाचताय, शिक्षा सुनावत नाही. तर त्या अपमानाचा वचपा मी घरातल्या टेपरेकॉर्डरवर काढला.

"तुमचं हाय-न्हाय टेपवर नको," मी ह्यांना सांगितलं. "पाहुण्यांना ऐकवायची वेळ आली तर?"

"पावणं किंचाळ्या ऐकायला येणारेत व्हय?" हे म्हणाले.

पण माइक मी घेतला. तिथून पुढच्या सगळ्या कॅसेटींवर निवेदन माझं. 'नमस्कार' काय, 'सादर करीत आहोत' काय! ऐकणारा होता तो डबा, ज्याला नमस्कारही कळत नव्हता आणि मराठीही.

हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. माणूस गेल्यावर फोटो पुष्कळ उरतात. आवाज उरत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मुलीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे. तिच्यात हे मांडवभर धावताना दिसतात, तोंड हलतंय, कुणालातरी काहीतरी ओरडून सांगतायत. पण वर सबंध सनई भरलेली. शूटिंगवाल्याला तेच छान वाटलं. सुरुवातीला मला त्यांचा आवाज मनात लख्ख ऐकू यायचा. मग तो हळूहळू माझ्याच आवाजात ऐकू यायला लागला. त्यांची वाक्यं, पण बोलतेय मी. त्याची मला भीती वाटायला लागली.

घरातला टेपरेकॉर्डर कधीच गेला होता, आत रबराच्या पट्ट्याचं डांबर झालेलं. दुसऱ्या कुठल्या मशीनमध्ये एवढी जुनी कॅसेट घालायचा धीर होईना. अडकली, गुंडाळली तर काय? शेवटी मी खोकं उचललं आणि मालकांच्या पुढ्यात ठेवलं.

इथं म्हातारीनं शहाणपणा केला. काय हवंय ते सांगितलंच नाही. सत्तरी उलटलेल्या बाईनं चारचौघांत म्हणायचं की मला नवऱ्याचा आवाज ऐकायचाय? नव्या नवरीसारखी लाज वाटली मला. मी म्हटलं, "ह्यांनी लिहिलेले प्रोग्राम आहेत. निघाले तर काढा."

"निघाले तर म्हंजे काय, काकू? काढतो की!"

पुढच्या सुटीला गेले तर मालक जिन्यातच उभे. तोंडभर हसू. एका हातात पेनड्राइव्ह, दुसऱ्या हातात माझं खोकं.

"एक तुटकी सोडली तर सगळं निघालं, काकू. एकसुद्धा वाया न्हाय. पाढे, पंचांग, पत्त्यांचा डाव. साहेब भारी लिहीत होते बघा. आणि कसं लख्ख केलंय! मधली खरखर, बडबड, सगळं छाटून टाकलं."

मी कठडा धरला. "बडबड छाटली?"

"व्हय. कच्चं रेकॉर्डिंग पुसलं. त्या पेनड्राइव्हात फक्त प्रोग्राम."

"असू दे. कॅसेटवर असेल ना ती."

मालकांचं हसू जरा थांबलं. "कॅसेटी ताज्या केल्या की. सिग्नल लई फिका पडलावता."

ताजी करणं म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या मंडळाचा तो रिवाजच आहे. जुन्या कॅसेटवरची किंचाळी विरत जाते, म्हणून ती उतरवून घ्यायची, साफ करायची आणि त्याच कॅसेटवर पुन्हा कडक करून भरायची. म्हणजे अस्सल कॅसेटवरून अस्सल मशीन पुढंही चालत राहतं. ही युक्ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं टाळ्या मीच वाजवल्या होत्या. नव्यानं भरलं की खालचं पुसलं जातं, हे टाळ्या वाजवताना माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"त्यात ह्यांचा आवाज होता," मी म्हटलं.

मालकांनी पेनड्राइव्ह खिशात टाकला. खोकं त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं, जसं काही आता सांभाळून उपयोग होता.

"काकू, मला ठावं न्हवतं. देवाशपथ."

"मी सांगितलंच नव्हतं तर ठावं कसं असणार?"

"मला वाटलं तुमालाच... आवाज तुमचाच होता की वो त्यात. सगळीकडं तुमीच. नमस्कार, सादर करीत आहोत... म्हटलं, काकूंचा आवाज काय, काकू हायतच."

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग दुसरंही काहीतरी आलं, ते मी खोकल्यावर ढकललं. पहिल्या कॅसेटवर पुरुषाचा आवाज होता का, असं मी विचारलं. असावा, म्हणाले. खरखरीत नीट कळलं नाही.

एवढ्यात आतून ती पोरगी बाहेर आली. आमच्याकडच्या पोरी 'मी करते' म्हणत नाहीत, 'मी करतो' म्हणतात. शाळेत मी जन्मभर त्यावर लाल रेघा मारल्या. ती म्हणाली, "आज्जी, ती तुटकी कुठाय? ती तर ताजी केलेली नाही ना? मी जोडतो."

तुटकी कॅसेट मालकांनी कप्प्यात बाजूला ठेवली होती. मेलेली, म्हणून. फीत आतच तुटून चुरगळलेली, कडेला पांढरी बुरशी. ती कितवी, पहिली की माझ्या निवेदनाच्या भरातली, मला सांगता येईना. लेबलावरची शाई उडालेली.

ते जोडकाम बघत बसणं म्हणजे एखाद्याच्या ऑपरेशनच्या वेळी खोलीत बसण्यासारखं. मालकांच्या त्या लोखंड उचलणाऱ्या बोटांनी इवलेसे स्क्रू काढले. पोरीनं चिमट्यानं फितीची दोन टोकं एकमेकांना भिडवली, वर खास चिकटपट्टी लावली. साधी लावली तर डिंक पसरतो. चुरगळलेला भाग तिनं नखानं सपाट केला. मग कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालून मालकांनी बारीक पेचकस उचलला. फीत वाचणाऱ्या हेडच्या बाजूचा एक स्क्रू फिरवून आवाज धारदार करायचा असतो, किंचाळी जितकी टोकदार तितका प्रोग्राम नीट निघतो.

"मालक," मी म्हटलं, "आज किंचाळीसाठी नका फिरवू. बोलण्यासाठी फिरवा."

त्यांनी मान हलवली. शेजारच्या प्लॉटवर कुणीतरी पत्रा ओढत होतं. मालकांनी खिडकीतून एकच हाक दिली आणि सगळा प्लॉट चिडीचूप झाला.

आधी खरखर. मग एक बाई. काय तो आवाज! नाकात, गळ्यात, टाळूत, जिथं जिथं अडवता येईल तिथं अडवलेला.

"नमस्कार. सादर करीत आहोत, प्रोग्राम वर्गसमीकरण..."

पोरीनं ओढणी तोंडात कोंबली. मालक छताकडं बघायला लागले. रेडिओवाल्यांचा निर्णय किती योग्य होता हे मला इतक्या वर्षांनी पटलं. आणि त्या बाईचं काही संपेचना. वर्गसमीकरण म्हणजे काय, त्याचे उपयोग काय, विद्यार्थी मित्रांनो... मला तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. बाई, गप्प बस. जरा त्यांना बोलू दे.

आणि तिच्या मागून, थोडं लांबून, हे म्हणाले,

"झालं का तुझं भाषण? सोड की माइक, वायर लावू दे."

"थांबा हो, शेवटचं वाक्य..."

खट्. किंचाळी.

एवढंच. मालकांनी टेप थांबवला. आवाज मी मनात ठेवला होता तसा नव्हताच. तो पातळ होता, तरुण होता, आणि त्यात हसू दाबलेलं होतं. हे हसू मी पार विसरले होते.

कॅसेटवर बाकी काही नव्हतं. तो एकच प्रोग्राम, आणि तोही चुरगळलेल्या जागेवर मोडलेला. मशीननं घेतला नाही. एरवी असं झालं की मालकांना जेवण जात नाही. त्या दिवशी त्यांनी प्रोग्रामचं नावसुद्धा काढलं नाही. आवाज तेवढा लगेच उतरवून घेतला, आणि मग, काहीतरी भरपाई करायची म्हणून, म्हणाले,

"काकू, आता सॉफ्टवेअर असतंय. तुमचा आवाज वेगळा काढतो, साहेबांचा तेवढा ठेवतो. एकदम लख्ख."

"परत लख्ख, मालक?"

"तसं न्हवं..."

"मला काढलंत तर ते माइक सोड म्हणतायत कुणाला? राहू दे ती सटवी तिथंच."

पोरीनं ते माझ्या फोनवर घालून दिलं. दुपारी चहा ठेवला की मी लावते. भाषण मी पुढं ढकलत नाही, सगळं ऐकते. ती बाई बोलत असते तेव्हा हे तिथंच असतात, हातात वायर धरून, वाट बघत. मग ते बोलतात. मग खट्, आणि किंचाळी.

वायर लागली की माइक बंद होतो. त्यामुळे त्यानंतर मी किती चिडले, माझं शेवटचं वाक्य काय होतं, ह्यांनी ते दाबलेलं हसू मोकळं सोडलं का, यातलं काहीच टेपवर नाही. आठवायला बसते, पण काही येत नाही. तरी किंचाळी संपेपर्यंत फोन बंद करवत नाही. कारण प्रोग्राम उतरून झाल्यावर वायर काढायची असते, आणि वायर काढली की माइक पुन्हा सुरू. पण हे आधी टेप बंद करायचे आणि मगच वायर काढायचे. कारखान्यातला माणूस, शिस्त फार. प्रत्येक वेळी, न चुकता.

एकदा तरी विसरायला काय झालं होतं?