ब्याण्णवावा दिवस

"ओळखा बघू," असं म्हणून काका डोळे मिटायचे आणि चेलोवर खर्जातला एक लांबलचक सूर ओढायचे. मग दुसरा. मग गज हवेत धरून नुसतेच बसून राहायचे. आपल्याला वाटावं, पुढचं विसरले. पण त्यांच्या डाव्या पायाकडे पाहिलं, तर मोज्याच्या आत अंगठा हलताना दिसायचा. ते मोजत असायचे. बराच वेळ मोजून झालं की पुन्हा एक सूर, अगदी पहिल्यासारखा. "आता तरी?"

मला एकदाही ओळखता आलं नाही. तुम्हालाही आलं नसतं, उगाच मान हलवू नका. काका जे वाजवायचे ती गाण्याची चाल नसायचीच. गाण्याच्या तळाशी चेलोला जे दोन-चार सूर लिहून दिलेले असत, तेवढेच ते वाजवायचे. मुंबईत एका फार मोठ्या संगीतकाराच्या वाद्यवृंदात त्यांनी तीस वर्षं मागच्या रांगेत बसून चेलो वाजवला होता. त्या संगीतकाराला ते नुसतं 'साहेब' म्हणत. साहेबांची गाणी तुम्हाआम्हाला तोंडपाठ आहेत, आणि त्यातल्या कितीतरी गाण्यांत काका आहेत. फक्त ते कोणाला ऐकू येत नाहीत.

"चार बार वाजवायचं, सोळा बार गप्प बसायचं. त्या सोळा बारांत लोक रडतात. आम्ही मोजतो," ते म्हणायचे. बार म्हणजे तालाचं एक आवर्तन. यात तक्रार नसायची. पोस्टमनने आपल्या गल्ल्या सांगाव्यात तसं सांगायचे.

मी जर्मनीत गेर्लिंगेनच्या एका कंपनीत यंत्रांचे भाग डिझाइन करतो. काकांची मुलगी केतकी आमच्यापासून दोन थांब्यांवर राहते. आई गेल्यावर तिने वडिलांना इकडे आणायचं ठरवलं. काकांनी मुंबईतली खोली विकली, भांडी वाटून टाकली आणि चेलोसाठी विमानात शेजारची खिडकीची सीट घेऊन आले. चेलोला पट्टा बांधला होता म्हणे, आणि हवाईसुंदरीने त्यालाही जेवण हवं का म्हणून विचारलं. "मी म्हटलं, ती उपाशी बरी. पोट रिकामं असलं की छान वाजते." चेलो त्यांच्या लेखी 'ती' होती.

गोची इथे आल्यावर कळली. आई-वडिलांना कायमचं आणता येईल असा नियम नुकता कुठे आला होता, आणि तोही केतकीच्या नंतर आलेल्यांसाठी. ती आधी आली होती. काकांना मिळणार तो पाहुण्याचा व्हिसा. नव्वद दिवस राहायचं, मग नव्वद दिवस बाहेर. "इथे आल्यावर बघू काहीतरी," असं केतकी म्हणाली होती. आपण सगळेच म्हणतो. बघण्यासारखं काहीच नव्हतं.

मग काका पुतण्याकडे डोंबिवलीला नव्वद दिवस आणि मुलीकडे नव्वद दिवस असे जाऊन-येऊन राहू लागले. चेलोला मात्र दर वेळी सीट घेणं शक्य नव्हतं, आणि सामानात टाकायला ते तयार नव्हते. ती इथेच राहिली. तीही आमच्या घरी, कारण केतकीच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी पहिल्याच आठवड्यात घरमालकाला पत्र धाडलं की वर कोणीतरी फर्निचर सरकवतं आहे, रूहेत्साइटमध्येसुद्धा. रूहेत्साइट म्हणजे इथली दुपारची शांततेची वेळ. त्या वेळेत इथे खिळासुद्धा ठोकत नाहीत.

त्यामुळे काका इथे असले की रोज सकाळी बसने आमच्याकडे यायचे. बूट काढून, नीट जोडून ठेवून, वरच्या खोलीत जायचे. मी आठवड्यातून तीन दिवस शेजारच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करतो. माझी मुलगी त्यांना 'चेलो-ओपा', म्हणजे चेलो-आजोबा, म्हणायची. ती मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देते. काका त्यावर "गेनाऊ, गेनाऊ" म्हणायचे, म्हणजे 'अगदी बरोबर'. तेवढा एकच शब्द त्यांना येत होता, आणि त्यावर त्यांचं सगळं भागत होतं.

डोंबिवलीला गेले की दर रविवारी फोन. माझी खुशाली नंतर. आधी, "पाणी पाजलंत का?" हिवाळ्यात हीटिंगने हवा कोरडी होते, लाकूड तडकतं. म्हणून आत स्पंज असलेली एक हिरवी रबरी नळी भिजवून, पुसून, चेलोच्या पोटात सोडायची असते. मला ते त्यांनी तीनदा करून दाखवलं होतं. माझ्या बायकोचं म्हणणं, घरातल्या तुळशीची मी इतकी काळजी कधी घेतली नाही. खरं आहे.

तिसऱ्या खेपेला काकांनी एक गोष्ट सांगितली. दोन सूर वाजवून थांबले आणि म्हणाले, "हा दुसरा सूर चुकीचा आहे." एका गाण्याच्या कागदावर लिहिताना चूक झाली होती. काकांनी रेकॉर्डिंगच्या आधी हात वर करून ती दाखवली. साहेबांचे सहायक म्हणाले, "लिहिलंय ते वाजवा." काकांनी वाजवलं. त्यानंतर चार महिने त्यांना बोलावणं आलं नाही. "मागच्या रांगेतल्याने हात वर करायचा नसतो, हे तेव्हा कळलं. ती चूक अजून रेकॉर्डवर आहे. सगळा देश ऐकतो. चूक माझी नाही, पण वाजवली मी." आणि ते खो-खो हसले. मीही हसलो.

त्याच खेपेला त्यांनी आपल्या मनातलं सांगितलं. साहेबांची दहा गाणी, एकटा चेलो. आपले सूर आपल्या जागी तसेच ठेवायचे, आणि जिथे आपल्याला गप्प बसवलं होतं, त्या सोळा बारांत चाल आपणच वाजवायची. "साहेबांनी जिथे मला मुकं ठेवलं, तिथेच बोलणार. जास्त नाही, एकदाच. लोकांसमोर. मग मी मोकळा."

एकाहत्तर वर्षांच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं. मी आमच्या छोट्याशा महाराष्ट्र मंडळाचा सचिव. मी लगेच म्हटलं, "काका, हॉल माझ्याकडे लागला."

ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आले होते. नव्वद दिवस म्हणजे तीन महिने, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. चर्चचा हॉल ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मोकळा होता, तीन महिने पुरे व्हायच्या आदल्या दिवशी. केतकीने विचारलं, "दादा, नव्वदमध्ये बसतंय ना?" "बसतंय गं," मी म्हणालो. तिने परतीचं तिकीट त्याप्रमाणे रविवारवर ढकललं. काकांना तारीख सांगितली, तेव्हा त्यांच्या पायाचा अंगठा मोज्यात जरा वेळ हलला. मग "बरं" म्हणाले. मला वाटलं, कुठल्यातरी गाण्याचे बार मोजताहेत.

जुलै एकतीस दिवसांचा असतो. ऑगस्टही एकतीसचा असतो. आल्याचा दिवसही मोजतात. मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी सहकाऱ्यांशी भांडणारा माणूस, मला नव्वदपर्यंत मोजता आलं नाही. केतकीने कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी सहज कॅलेंडर घेऊन मोजलं आणि मला फोन केला. "दादा, शनिवार ब्याण्णवावा आहे." तिचा आवाज रडवेला होता. नव्वदावा दिवस गुरुवार होता.

मग आमची धावाधाव सुरू झाली. हॉल आधीच्या आठवड्यात मिळेना; तिथे लहान मुलांच्या जुन्या कपड्यांचा बाजार भरणार होता आणि त्याची टेबलं आधीच मांडून झाली होती. दुसरे दोन हॉल भरलेले. आमच्या गावच्या आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, केतकीने ओळखीने भेटीची वेळ मिळवली. आम्ही तिघं गेलो. टेबलामागच्या बाई फार चांगल्या होत्या. कार्यक्रमाचं पत्रक त्यांनी पूर्ण वाचलं, चेलो आपल्याला आवडतो म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लायडर." दुर्दैवाने. कार्यक्रम हे मुदत वाढवायचं कारण होत नाही. आजारपण होतं.

बाहेर बाकावर बसलो. मी म्हणालो, "काका, तीनच दिवस जास्त होतील. शनिवारी वाजवा, रविवारी जा. कोण विचारणार आहे?" असं बोलायची मला लाज वाटायला हवी होती, पण मला फक्त माझी चूक पुसायची होती.

ते म्हणाले, "मी तीस वर्षं जिथे थांबायचं तिथे थांबलो. आता कसं चुकवू?" मग खिशातून एक वही काढली. पाहिलं तर पाच रेघांवर एक आडवी जाड पट्टी आणि तिच्या डोक्यावर नव्वद हा आकडा. नव्वद बार गप्प, असं कागदावर लिहायचं झालं तर वादक असंच लिहितात. आले त्या दिवशीच त्यांनी ते लिहिलं होतं. खाली रोजचं एक बारीक टिंब, आणि पुढे एका जागी माझ्या शनिवारचा आकडा. ब्याण्णव.

"तुम्हाला माहीत होतं?" केतकी जवळजवळ ओरडलीच.

"तारीख सांगितली तेव्हाच मोजलं."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"मला वाटलं, हे इथले आहेत, काहीतरी केलं असेल यांनी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आणि हात वर करायची सवय नाही हो राहिली."

मी खूप माणसांना नाराज केलं आहे, पण असं खजील मला कोणी केलं नाही. आणि त्यांनी तर मला शब्दानेही बोल लावला नव्हता.

बुधवारी ते नेहमीसारखे आले. माझी मीटिंग होती; माझ्याच डिझाइनची तपासणी, वीस माणसं पडद्यावर. काका दारातून म्हणाले, "तुमचं चालू द्या. मी एकदा सलग वाजवून बघतो." दहाच्या दहा गाणी ते त्या दिवशी वाजवणार आहेत, हे मला कळलं नाही. भिंतीतून आवाज येऊ लागला. नेहमीचा तो तळातला सूर, आणि मग जिथे रोज शांतता असायची तिथून काहीतरी वर आलं. मी ऐकायला कान दिला, तेवढ्यात बॉसने विचारलं, "तुमच्याकडे कुठलं मशीन चालू आहे का?" मी पटकन म्यूट दाबलं, मान हलवून माफी मागितली, आणि कानांवर हेडफोन चढवले. बेअरिंगची जागा किती असावी यावर पुढचा तास बोललो.

मीटिंग संपवून बाहेर आलो तर काका चेलो पुसत होते. शर्ट पाठीला चिकटला होता. "झालं," ते म्हणाले. "एक तास चार मिनिटं." मी म्हणालो, "फार सुंदर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कळून न कळल्यासारखं केलं. ते मला अजून सलतं.

गुरुवारी ते गेले. शनिवारी मी हॉलच्या दाराशी उभा राहिलो. मराठी लोकांना कार्यक्रम रद्द झाल्याचा निरोप पोचला होता, पण बेकरीतलं पत्रक वाचून अकरा जर्मन आले. एक म्हातारे गृहस्थ बसायला स्वतःची उशी घेऊन आले होते. त्यांनी विचारलं, वादक परत येतील ना? मी म्हणालो, "हो, हो. पुढच्या वर्षी नक्की."

पुढच्या वेळचा व्हिसा नाकारला गेला. पत्रात कारण होतं, अर्जदार मायदेशी परत जाईल याबद्दल शंका आहे. पत्नी नाही, स्वतःचं घर नाही, नोकरी नाही. परत जाण्यासारखं मागे काय आहे? केतकीने ते पत्र मला फोनवर वाचून दाखवलं. नव्वदाव्या दिवशी विमानात बसलेल्या माणसाबद्दल ते लिहिलं होतं. आम्ही अपील केलं. उत्तराची वाट पाहणं, याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं.

रविवारचे फोन चालू राहिले. "पाणी पाजलंत का?" एका रविवारी म्हणाले, "तिला बाहेर काढा. खुर्चीवर बसा. फोन ठेवा समोर. सगळ्यात जाड तार बोटाने छेडा, मी म्हणेन तेव्हा." मी बसलो. त्यांनी डोंबिवलीतून चार मोजले, मी तार छेडली. पुन्हा चार, पुन्हा छेडली. "छान. आता सोळा बार गप्प. मोजा."

मी मोजू लागलो. आणि फोनमधून काकांचा आवाज आला, घोगरा, जुना, जरा बेसूर. ते चाल म्हणत होते. तिसऱ्याच बारात मी ओळखलं. आमच्या लग्नाच्या व्हिडिओवर तेच गाणं आहे. इतके दिवस हे दोन सूर ते मला वाजवून दाखवत होते! मला ओरडून सांगायचं होतं, पण बोललो तर मोजणं चुकलं असतं. मी तोंड घट्ट मिटून मोजत राहिलो. सोळा झाले, तार छेडली. बरोबर जागेवर पडली.

"ओळखलंत?"

"ओळखलं, काका."

"चला," ते म्हणाले. "एकाने तरी."

दोन महिन्यांनी ते गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत, असं पुतण्याने कळवलं. अपिलाचं उत्तर नंतर आलं. केतकीने पाकीट फोडलं नाही.

ती चेलो अजून आमच्याकडेच आहे. हीटिंग सुरू झालं की मी नळी भिजवतो, पुसतो, आत सोडतो. रविवार असला तर खुर्चीवर बसतो, चार मोजतो, तार छेडतो, पुन्हा चार मोजून छेडतो. मग सोळा बार गप्प. सोळानंतर पुन्हा छेडायची असते, ते मला पाठ आहे. पण तिकडून चाल आलेली नसते, आणि मी सतरा, अठरा, एकोणीस मोजत राहतो.