आभार झाले की लोक उठतात

हिवरटोल्याच्या हायस्कुलात कुंताबाईला रांधताना पाहिलेलं कुणी तिला शांत बाई म्हणणार नाही. तिचा सराटा पातेल्यात कमी आणि हवेत जास्त फिरायचा.

"ए मयुरी, ओढणी चुलीत घालतं का?"

"अबे, रांगेत राह्य. वरातीत नाई आला तू."

पोरं हसायची आणि रांगेत राहायची.

कुंता वैनगंगेकाठच्या गावची. लग्न होऊन हिवरटोल्याला आली तेव्हा तिला मासे कापता येत होते, जाळं विणता येत होतं आणि चौथीपर्यंतचं वाचता येत होतं. नवरा शालिकराम गावच्या बोडीत मासे धरायचा, पावसाळा सरला की त्याच तळ्यात शिंगाडे काढायचा. शाळेत खिचडी शिजू लागली तेव्हा कुंताला तिथं काम मिळालं. मग तिची स्वतःची पोरं शिकून बाहेर पडली आणि ती मात्र शाळेतच राहिली.

शाळेची खिचडी आठवीपर्यंतच्या पोरांना. नववी-दहावीच्या वाट्याला काही नाही, असा नियम. कुंतानं नियम कधी मोडला नाही. फक्त ती पातेलं जरा जास्त वेळ आचेवर ठेवायची. तळाला जाड खरवड धरायची. ती खरवडून काढली की म्हणायची, "हे करपलं. लहान पोट्ट्यायले नाई देता येत. खा तुमी मोठे."

ती खरवड खाऊन शाळेच्या कितीतरी तुकड्या दहावी झाल्या. कुणी गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात लागलं, कुणी नागपूरला गेलं. त्यांच्या मोबाइलवरच्या गटात अजूनही कुणीतरी मध्येच लिहायचं, आज घरी भात लागला, बाईची आठवण आली.

यंदा जूनमध्ये भाग्यश्री मॅडम मुख्याध्यापिका म्हणून आल्या. चंद्रपूरच्या, वयानं लहान. पोरांनी माणसांकडे नीट पाहावं अशी त्यांची इच्छा. म्हणून दर शनिवारी प्रार्थनेनंतर एका माणसाचे आभार मानायचे असं त्यांनी ठरवलं. फाट्यावर पोरांसाठी गाडी थांबवणारा एसटीचा ड्रायव्हर आला. शाळेला बोअरचं पाणी देणारा शेजारचा पत्रूभाऊ आला. प्रत्येकाला एक फूल, एका विद्यार्थ्याचं भाषण आणि टाळ्या.

दिवाळीनंतरचा शनिवार कुंताबाईचा. मॅडमना वाटलं, हिला नुसतं फूल कसं द्यावं. त्यांनी शाल आणली, नारळ आणला. आणि बाईला आधी काही कळू द्यायचं नाही असंही पोरांना बजावलं.

घोटाळा तिथं झाला.

कुंतानं स्वयंपाकखोलीच्या दारातून शाळेचे पुष्कळ कार्यक्रम पाहिले होते. मुखरूभाऊ शिपायाला शाल मिळाली, नारळ मिळाला, आभार झाले. सोमवारी घंटा दुसऱ्याच्या हातात होती. गणिताच्या सरांचं तसंच, आधीच्या मुख्याध्यापकांचंही. शाल, श्रीफळ आणि आभार हे तिन्ही एकत्र आले की माणूस पुन्हा शाळेत दिसत नसे. त्यात बाजारात एक कुजबुज होती की आता पोंभुर्ण्याहून शिजलेलं अन्न गाडीनं येणार.

त्या शनिवारी तिला पदराला हात पुसत खुर्चीवर बसवलं. दहावीची दिव्यानी बोलायला उभी राहिली. भाषण तिनं मन लावून पाठ केलं होतं. "बाई, आजवर तुम्ही आमच्यासाठी जे केलं, ते आम्ही कधीच विसरणार नाही."

कुंता मान खाली घालून ऐकत होती. हेच वाक्य मुखरूभाऊच्या वेळीही होतं.

मॅडम म्हणाल्या, "बाई, दोन शब्द बोला."

ती उभी राहिली. "पोट्टे हो, उपाशी नका राहू," एवढं म्हणाली आणि बसली. खूप टाळ्या पडल्या.

त्या दिवशी तिनं भांडी नेहमीपेक्षा जास्त वेळ घासली. मोठं पातेलं पालथं घातलं. मदतीला असलेल्या उर्वशीला मिठाचा डबा कुठं, हिंग कुठं ते दाखवलं. उर्वशी म्हणाली, "मले माहीत हाये ना बाई." स्वयंपाकखोलीची किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला अडकवून कुंता घरी गेली.

सोमवारी ती शालिकरामबरोबर बोडीवर होती. पाण्यात उभी राहून शिंगाड्याचे वेल उलटवत होती. शाळेची घंटा झाली. तिचे हात थांबले.

"उर्वशीनं आता तांदूळ टाकले असतीन," ती म्हणाली.

"तुले खरंच काढलं का?" शालिकरामनं विचारलं.

"शाल देल्ली ना."

"जाऊन विचार तरी."

"काय विचारू? आता शाल देऊन काढलं. विचाराले गेली तर बिनशालीचं काढतीन."

शालिकराम हसला. ती हसली नाही. शाळेतून उर्वशी निरोप घेऊन आली तेव्हा तिनं तब्येत बरी नाही असं सांगितलं. कामावरून काढलं हे तोंडानं म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं. आणि शाळेतल्यांना वाटलं, बाईला ताप आहे, येईल बरी होऊन. दिवस जात राहिले. उर्वशीची खिचडी कधी पातळ व्हायची, कधी गच्च. खरवड तिला धरवता येत नव्हती, नुसतं करपायचं.

एका दुपारी दिव्यानी कुंताच्या अंगणात आली. हातात जर्मनचा गंज होता, तांदळानं भरलेला. तो कुंताचाच. दिवाळीआधी तिनं त्यातून दिव्यानीच्या घरी शिंगाड्यांचा वानोळा धाडला होता. आपल्याकडे नवं काही निघालं की आधी शेजारी, ओळखीत थोडं थोडं द्यायचं, तो वानोळा. आणि वानोळ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही झाडीपट्टीतली रीत. दिव्यानीच्या आईनं नवे तांदूळ निघेपर्यंत गंज ठेवून घेतला होता.

"आईनं धाडलं," दिव्यानी म्हणाली. "धान निघाला आमचा."

कुंतानं मूठभर तांदूळ उचलून वास घेतला. "बरा हाये. पण नवा हाये, पाणी कमी घालाले सांग मायले. नाईतर गिच्च होते."

"बाई, तुमाले तर ताप नाई दिसत."

"नाई."

"मंग काऊन नाई येऊन राह्यल्या शाळेत?"

"काऊन येऊ? निरोप देल्ला ना तुमी मले."

दिव्यानीला कळेना. "निरोप? ते आभार होते बाई."

"होये ना. आभार झाल्यावर लोक काय करते, सांग बरं?"

दिव्यानीनं विचार केला. गावातले सगळे कार्यक्रम तिच्या डोळ्यांपुढून गेले. "उठते. घरी जाते."

"मंग? मी गेली घरी."

दिव्यानीनं आरशापुढं उभं राहून पाठ केलेलं भाषण असं पोचलं होतं. कुंताला तिचा चेहरा पाहवला नाही. "भाषण चांगलं केलं वं तू," ती म्हणाली. "आवाज स्पष्ट होता."

दिव्यानीनं शाळेत जाऊन सांगितलं तेव्हा मॅडम आधी हसल्या. मग चप्पल घालून उठल्या. "मी आत्ताच जाते. माफी मागते."

"नका जाऊ मॅडम," दिव्यानी म्हणाली. "तुमी गेल्या तर त्या चहा पाजतीन, काई नाई म्हणतीन, अन् तुमाले वाटेले लावतीन. आपण भांडे धाडू."

"कसली भांडी?"

दिव्यानीनं सांगितलं. मॅडम परत खुर्चीवर बसल्या. जुन्या विद्यार्थ्यांच्या गटातही दिव्यानीनं एका ओळखीच्याच्या मोबाइलवरून बोलून टाकलं, बाई रुसल्या नाहीत, बाईंना वाटलं आपण त्यांना निरोप दिला. त्या संध्याकाळी त्या गटात वर्षभरात झाली नव्हती तेवढी बोलाचाली झाली. कुणी विचारलं, खरवड कोण देते आता?

शनिवारी सकाळी कुंता दात घासत होती. अंगणात पोरं यायला लागली. कुणी गंज ठेवला, कुणी डबा, कुणी झाकण घातलेली वाटी. नवे तांदूळ, लाखोळीची कोवळी भाजी, वालाच्या शेंगा, मूठभर तूर. एकही पोरगं काही बोललं नाही. ठेवलं आणि गेलं. मयुरीनं वाटी ठेवताना बाईकडे पाहिलं आणि ओढणी सावरून पळाली. मॅडम आल्या, त्यांच्या खोलीमागं लावलेल्या झाडाची वांगी स्टीलच्या डब्यातून ठेवली आणि त्याही न बोलता वळल्या. शेवटी मोटरसायकल वाजली. गडचांदूरहून प्रफुल आला होता, शाळेचा जुना विद्यार्थी. कारखान्यात रोज न्यायचा तो जेवणाचा डबा त्यानं ओळीत ठेवला. आत पत्नीनं घरी केलेलं लोणचं होतं.

"तू काऊन आला रे इतक्या दुरून?" कुंतानं विचारलं.

"डबा द्याले."

"अन् वापस कोण नेईन?"

"तुमीच सांगा," प्रफुल म्हणाला आणि ओट्यावर बसून राहिला.

कुंता चूळ भरून अंगणभर पाहत राहिली. कुठलं भांडं कोणाच्या घरचं, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

"भरवली ना जत्रा," ती शालिकरामला म्हणाली. "आता इतके भांडे मी रिकामे धाडू का?"

"नको धाडू. ठेवून घे."

"चोर हायेस का तू?" ती घरात गेली, चुलीवरचं भगोनं पाहिलं, बाहेर आली. "याच्यात काय होते. मोठं पातेलं तर शाळेत हाये."

"मंग जा शाळेत," शालिकराम म्हणाला. तो जाळ्याकडे पाहत होता, म्हणून त्याचं तोंड दिसलं नाही.

प्रफुलच्या मोटरसायकलवर दोन फेऱ्यांत भांडी शाळेत आली. किल्ली खिळ्यालाच होती. कुंतानं पातेलं सुलटं केलं आणि आधी उर्वशीवर ओरडली, "हे घासलं का नुसतं वलं केलं?" उर्वशीला इतकं बरं वाटलं की तिनं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. सगळ्यांचे तांदूळ, सगळ्यांची तूर, लाखोळी, वांगी एकाच पातेल्यात पडली. तिनं पिशवीतून तो शाळेचा नारळ काढला, दगडावर फोडला आणि त्याची चटणी वाटली. शाल मात्र घरी ठेवली होती. थंडीचे दिवस होते.

दुपारी शाळा सुटायच्या वेळेला प्रत्येकाचं भांडं खिचडीनं भरून परत गेलं. नववी-दहावीला खरवड मिळाली. प्रफुलनं त्यांच्यातच हात पुढं केला.

"तू बारक्या पोराचा बाप हायेस ना रे?"

"होये. पण दहावी इथलीच हाये."

तिनं त्याच्या डब्यावर सराटा आपटला आणि जरा मोठा तुकडा टाकला.

मॅडम दारात आल्या. सवयीनं त्यांचे हात जुळायला निघाले. ओठांवर शब्द आलाच होता. पोरं त्यांच्याकडे पाहत होती. मॅडमनी हात खाली घेतले, आपला डबा उचलला आणि विचारलं,

"बाई, सोमवारी काय रांधता?"

कुंतानं पदरानं कपाळ पुसलं.

"ते सोमवारी पाहू. आधी मले भाजी निवडाले चार पोरी द्या," ती म्हणाली. "अन् तुमचा तो डबा अस्सा रिकामा घेऊन नका जाऊ. इकडं आणा."