वणीच्या गडावरचा डोलीवाला

वणीच्या गडावर दोरानं ओढायच्या ट्रॉलीसाठी जागेची मोजणी सुरू होती, तेव्हा त्या कामासाठी मी नाशिकहून दर आठवड्याला तिथं जायचो. थोड्याच पायऱ्यांत धाप लागायची आणि मी ठरलेल्या डोलीवाल्याला हाक मारायचो. प्रत्येक वळणावर तो "बसा निवांत" म्हणायचा, जणू मीच त्याला उचललं होतं.

एकदा डोलीत बसूनच मी ऐटीत म्हणालो, "ट्रॉली आली की माणसानं माणूस वाहायला नको." लगेच जीभ चावली. त्याचं पोटच डोलीवर होतं. तो थांबला. वाटलं, आता उतरवतोय.

"लवकर करा, साहेब," तो म्हणाला. "आईला गुडघ्यांमुळं चढवत नाय, अन् लेकाच्या खांद्यावर बसायला ती नको म्हनती. अजून देवी पाहिली नाय तिनं."

उरलेल्या पायऱ्या मी पायी चढलो. मी पडेन म्हणून तो आणि त्याचा जोडीदार रिकामी डोली घेऊन मागं येत राहिले.