अंबाडीच्या सरबतातला हात

भिवराबाईने पहिल्यांदा बर्फ पाहिला तेव्हा तिने हात जोडले.

येलदरीला पूर्णेवर धरणाचं काम चाललं होतं. त्या कामावर आलेल्या अमेरिकन इंजिनियरच्या बंगल्यात रॉकेलवर चालणारं एक पांढरं कपाट होतं. खाली दिवा जळायचा आणि वर पाणी थिजायचं. विस्तवातून गारठा कसा निघतो, हे तिला कोणी समजावून सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. रोज सकाळी झाडू हातात घेण्याआधी ती त्या कपाटाला हळूच बोटं टेकवी आणि कपाळाला लावी.

जन्म सगळा मेंढरांमागे गेलेली ही बाई चार भिंतींच्या कामाला कशी लागली, याचं तिच्या वस्तीला नवल वाटे. कारण एकच होतं. बंगल्याच्या व्हरांड्यातून नदीचं मोठं वळण दिसे. तिचा नवरा मागच्या भादव्यात मेंढरं घेऊन पूर्णा उतरताना वाहून गेला होता. मेंढरं पल्याड लागली. घोंगडं बाभळीला अडकलेलं सापडलं. माणूस तेवढा सापडला नाही. म्हणून भिवराबाईने कुंकू पुसलं नव्हतं, आणि भांडी घासताना दर थोड्या वेळाने तिची मान नदीकडे वळे.

“नदीनं नवरा नेला तरी कपाळ भरल्यालं,” बंगल्यावर पाणी भरणारी कडूबाई तिला ऐकू जाईल असं म्हणे. भिवराबाई घागर आणखी जोरात घासे.

सासूचं दुखणं वेगळं होतं. त्यांच्यात गेलेल्या माणसाचा टाक करतात. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली ती बोटभर आकृती देव्हाऱ्यात बसली की माणूस घरचा देव होतो. दिवाळीला न्हातो, नैवेद्य खातो. टाक होईपर्यंत तो ना घरचा, ना रानाचा. सासूने, भागुबाईने, स्वतःच्या पायातला चांदीचा वाळा त्यासाठी काढून ठेवला होता. पण बायकोने हो म्हटल्याशिवाय सोनाराकडे जायचं नाही, अशी रीत होती.

“भिवरे, माझा रायभान वर्सभर उघड्यावर हाय,” म्हातारी म्हणाली. “पाडव्याला देव न्हातील. त्याला कोन न्हाऊ घालावं?”

“आन् ते आले म्हंजी, आत्याबाई?”

“आला तर टाक मोडू. चांदी मोडती, पोरी.”

भिवराबाई उठून बाहेर गेली.

त्या साली लक्ष्मीपूजनाची अमावास्या आणि इंजिनियर साहेबाच्या बायकोची, म्हणजे मडमची, भुतांची रात एकाच दिवशी आली. मडमच्या देशात त्या दिवशी लोक भुतांची सोंगं घेतात, भोपळा कोरून त्यात दिवा लावतात आणि भीती वाटेल असं काहीतरी खातात-पितात, असं ओव्हरसियरच्या बायकोने, सुमनबाईने, तिला सांगितलं. सुमनबाई हैदराबादला मिशनच्या शाळेत शिकलेली. मडमचं बोलणं मराठीत आणि भिवराबाईचं इंग्रजीत करायचं काम आपोआप तिच्याकडे आलेलं.

“मडमला लाल सरबत हवंय. रक्तासारखं. आणि त्यात डोळे.”

“कोनाचे?” भिवराबाईने विचारलं.

सुमनबाई हसली. “ते तूच बघ म्हणतेय.”

लाल अंबाडीची बोंडं रानात भरली होती. भिवराबाईने ती गुळात उकळली, तेव्हा रंग असा उतरला की कडूबाईसुद्धा दोन पावलं मागे सरली. डोळ्यांसाठी तिने सीताफळं फोडली. एकेक पाकळी सावकाश सोडवून घेतली आणि नखाने एका जागी गर खरवडला. पांढऱ्यातून काळी बी डोकावली. ताटभर डोळे चुलीपाशी मांडले गेले आणि सगळे तिच्याकडेच बघायला लागले.

“लय वंगाळ दिसायलंय बाई,” कडूबाई म्हणाली आणि त्यातला एक डोळा उचलून खाल्ला.

हात मात्र मडमने केला. दवाखान्यातून आणलेल्या रबराच्या हातमोज्यात तिने पाणी भरलं, तोंड सुतळीने बांधलं आणि आदल्या दिवशीच ते कपाटात ठेवून दिलं. पाणी भिवराबाईनेच नदीवरून आणलेलं होतं. दिवस कलल्यावर मडमने हातमोजा बाहेर काढला, कात्रीने चिरला आणि वांग्याची साल काढावी तसं रबर सोललं.

आतून हात निघाला.

पाचही बोटं होती. काठीवर मूठ वळावी तशी जराशी वाकलेली. आतून धुरकट, वरून स्वच्छ, आणि तळव्याच्या मधोमध हवेचे बारीक बुडबुडे, जणू आत कोणी नुकताच श्वास सोडला होता. भिवराबाईने तो दोन्ही हातांत घेतला. गारठ्याने तिची बोटं भाजली, तरी तिने तो खाली ठेवला नाही. वर्षभर ती ज्या पाण्याकडे बघत होती त्या पाण्याला हात होता. ते पाणी तिच्या ओंजळीत होतं, आणि ते तिच्या डोळ्यांदेखत थेंबाथेंबाने परत पाणी होत होतं.

“भिवरा?” सुमनबाईने हाक मारली. “ठेव ना गं त्यात.”

तिने तो पितळी घंगाळात, लाल सरबतात सोडला. हात बुडाला आणि पुन्हा वर आला.

दिवेलागणीला माणसं जमली. व्हरांड्याच्या कठड्यावर पणत्या होत्या आणि मधोमध दात विचकलेला भोपळा. साहेबाच्या परवान्याची दारूची बाटली एका बाजूला होती. ज्यांना हवी त्यांनी आपल्या पेल्यात तिच्यातलं घालून घ्यायचं. भिवराबाई ओगराळं घेऊन घंगाळापाशी उभी होती. मडमने हसत पहिला पेला पुढे केला. भिवराबाईने ओतलं नाही.

“कोनाच्या नावानं?” तिने विचारलं.

सुमनबाई गोंधळली. “अगं, पाहुण्यांसाठी आहे हे. प्यायला.”

“आज अवस हाय, बाईसाहेब. मेलेल्यांची रात हाय असं तुमीच म्हन्ला. नाव न घेता पान मांडलं तर घरचं उपाशी ऱ्हातंय आन् रानातलं कोनबी येऊन जेवतंय. मला नाव सांगा, मी वाढते.”

सुमनबाईने इंग्रजीत सांगितलं. कोणीतरी हसलं. मडमही हसायला लागली होती, पण मध्येच थांबली. तिने सोंगाची काळी टोपी डोक्यावरून काढली.

“वडिलांच्या नावानं, म्हणतेय,” सुमनबाई हळूच म्हणाली.

“त्येंचं नाव?”

“विल्यम.”

“इलीयम,” भिवराबाई म्हणाली आणि पेला भरला.

मग साहेब आला. त्याने लढाईत गेलेल्या भावाचं नाव घेतलं. जिंतूरच्या कंत्राटदाराने आजीचं घेतलं. सुमनबाईने नोव्हेंबर लागला की मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणणाऱ्या आपल्या एका जुन्या शिक्षिकेचं घेतलं आणि पदर डोळ्यांना लावला. आता कोणी हसत नव्हतं. एकेक नाव पणत्यांच्या उजेडात यायचं, भिवराबाई ते आपल्या जिभेवर घोळवून म्हणायची आणि ओगराळं बुडवायची. भोपळा कसा आहे, हे कोणी बघितलंही नाही.

शेवटी घंगाळात तळाशी थोडं सरबत उरलं, आणि हाताची दोन बोटं. मडमने स्वतः एक पेला उचलून तिच्यापुढे धरला. भाषा नव्हती, पण प्रश्न तोच होता.

भिवराबाईने नवऱ्याचं नाव लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं. बायको नाव घेत नाही. तिने नदीकडे पाहिलं. अंधारात वळण दिसत नव्हतं, नुसता पाण्याचा आवाज येत होता. ती बोटं बघताबघता विरघळली आणि लाल पाण्यात मिसळली.

“रायभान,” ती म्हणाली.

तिने पेला भरला, पदराखाली झाकून घरी नेला आणि देव्हाऱ्यापुढे ठेवला. भागुबाई भिंतीला टेकून बसली होती. भिवराबाईने ओल्या, अजून गार असलेल्या तळव्याने कपाळ पुसलं.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “ठेवल्याला वाळा बाहीर काढा.”

म्हातारीने तिला जवळ ओढलं.

पुढे धरण भरलं, वस्ती वर माळावर गेली, साहेब आणि मडम आपल्या देशी परतले. भिवराबाई पुन्हा मेंढरांमागे गेली आणि म्हातारी झाली. देव्हाऱ्यातला रायभानचा टाक घासूनघासून नाकडोळे हरवून बसला होता. दर दिवाळीच्या अवसेला ती त्याच्यापुढे अंबाडीचं सरबत ठेवी, आणि ठेवताना त्याचं नाव घेई, शेजारपाजारच्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.