आधी लोखंड शोधणारा माणूस

चुंबकमामांच्या घरात सेफ्टी पिनलाही मज्जाव होता. अंगणापलीकडच्या पांढऱ्या खोलीत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद घेणारं यंत्र होतं आणि त्या यंत्राला लोखंडाचं भारी वावडं. म्हणून मामांच्या पट्ट्याचं बक्कल पितळेचं, चपलांना खिळे नाहीत, आणि सायकल कुंपणाबाहेर. "लग्न होऊन घरात पाऊल टाकलं, तर यांनी आधी माझं घड्याळ काढून घेतलं," असं मामी चारचौघांत सांगायच्या. मामा त्यावर हसायचे आणि हसता हसता समोरच्याचे खिसे न्याहाळून घ्यायचे.

खोलीचं काम नुसतं नोंदीचं नव्हतं. सूर्यावरून सुटलेला झोत पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला की यंत्राच्या पडद्यावरची रेषा एकदम उडी घेते. पुढे वादळ माजतं ते ध्रुवांकडे, पण त्याचा विजेचा धक्का बघता बघता विषुववृत्ताशी येऊन पोचतो. तो इथे ऐन मावळतीला पोचला, तर फार उंचावरचा विद्युतभारित थर आणखी वर उचलला जातो आणि अंधार पडताच उकळत्या पाण्यासारखा बुडबुडायला लागतो. उपग्रहांचे संदेश त्याच थरातून खाली येतात. ते लटपटले की होडीवरचा वाट दाखवणारा पडदा होडीला भलतीकडेच नेऊन ठेवतो. हेच वादळ दुसऱ्या वेळी आलं, तर कधी कधी इथल्या आकाशाला त्याचा पत्ताही लागत नाही. तेव्हा दुपारनंतर रेषा उडाली की मामांनी लगेच बंदराला फोन करायचा, म्हणजे होड्या अंधारात खडकांकडे जाणार नाहीत, एवढं साधं काम.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते साधं होतंही. मग एकदा रेषा उडाली, मामांनी फोन केला, सगळ्या होड्या धक्क्याला बांधून राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी खोलीच्या भिंतीमागे माळ्याचं फावडं सापडलं. मामांनी साप साप म्हणून भुई धोपटली होती. बंदरावर महिनाभर तोच विषय. मामा दिसले की कोळी विचारायचे, "काय मामा, आज फावडं काय म्हणतंय?" माणूस मुळात मानी, त्याला हे फार लागलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; तेव्हापासून मामांचा शिरस्ता ठरला: आधी लोखंड शोधायचं, मग फोन.

त्या दिवशी दुपार कलताना रेषा उडाली. मामा चहा पीत होते. कप तसाच ठेवून ते अंगणात आले, तर पंपाशी नळवाला बसलेला, शेजारी पान्ह्यांची पेटी.

"उचल ती! कुंपणाबाहेर ने!"

"मामा, मी सकाळपासून इथेच आहे की."

"सकाळचं मला सांगू नकोस. उचल!"

पेटी बाहेर गेली. रेषा खाली आली नाही. मग मामांनी झाडाखालचा ढकलगाडा हलवला, मामींची कात्री जप्त केली, गवतात हात घालून शोधलं. मामी दारात उभ्या होत्या. लेकीची लाँच आज बेटावरून चाळीस माणसं घेऊन निघणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. लेक सुकाणू धरायची. वाटेत खडकांच्या रांगेतून एकच अरुंद खिंड, आणि तिथे पोचेपर्यंत दिवस मावळायचा.

"अहो, आधी तिला फोन करा ना," मामी म्हणाल्या. "बेटावर आहे तोवर लागेल."

"आणि परत फावडं निघालं तर? तिच्याच लाँचवरचे लोक मला हसतील."

"हसू द्या!"

मामांनी ऐकलं नाही. त्यांना मनातून कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळत होतंच: लोखंडाने उडालेली रेषा उडी मारून गप्प बसते, ही थरथरत होती. पण माणसाला जे नको असतं ते तो उशिरा बघतो. ते पुन्हा खोलीत आले तेव्हा रेषा कड्यावरून घसरावी तशी खाली चालली होती. पृथ्वीवरच्या कुठल्याही पान्ह्याचं ते काम नव्हतं. मामा फोनकडे धावले.

लेकीचा फोन लागला नाही. लाँच निघून गेली होती. बंदराच्या वायरलेसवाल्याने वारंवार हाका मारल्या. दूरच्या टप्प्याच्या त्या वायरलेसवर नुसती खरखर होती, कारण त्याचा आवाजही आकाशातल्या त्याच थरावर आपटून पलीकडे जायचा. "मामा, तासभर आधी सांगितलं असतंत तर बेटावरच थांबवली असती," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मामांनी फोन हातातच धरून ठेवला.

पहाटे निरोप आला: लाँच खडकावर चढली आहे, माणसं सुखरूप आहेत, मदतीच्या होड्या गेल्या आहेत. मामा आणि मामी धक्क्यावर जाऊन उभे राहिले. ऊन चढल्यावर पहिल्या होडीतून लेक उतरली. डावा हात गळ्यात बांधलेला, ओठ फुटलेला. मामींनी तिला जवळ घेतलं आणि मामांकडे न बघता घाईघाईने म्हणाल्या, "काल आपला फोनच बंद पडला होता गं. बाबा नुसते तडफडत होते."

लेकीची मुद्रा सैलावली. "तरीच! आई, खिंडीत पडदा सांगायला लागला की लाँच डावीकडे सरकतेय. मला पाणी तसं दिसत नव्हतं. एकदा वाटलं, इंजिन बंद करावं, नांगर टाकावा. पण म्हटलं, काही असतं तर निघायच्या आधी बाबांचा फोन आला असता. फोन आला नाही म्हणजे आकाश ठीक आहे. म्हणून पडद्याचं ऐकलं आणि उजवीकडे वळवली."

मामींनी मामांचा हात घट्ट दाबला. गप्प राहायला एवढं पुरेसं होतं. पोरगी जिवंत होती, माणसं जिवंत होती, आणि बंद पडलेल्या फोनला कोण जाब विचारतो? मामांना तो खोटेपणा हवाहवासा वाटला, अगदी मनापासून. त्यांनी हात सोडवून घेतला.

"फोन चालू होता," ते म्हणाले. "मला तू निघायच्या आधीच कळलं होतं. लोक हसतील म्हणून केला नाही."

लेक त्यांच्यापासून एक पाऊल लांब झाली. मागून लाँचवरचे उतारू एकमेकांना धरत पायऱ्या चढत होते. त्यातल्या एका म्हातारीने जाता जाता लेकीच्या पाठीवर हात ठेवला, आणि लेक म्हणाली, "मावशी, चूक माझी नव्हती." मग तिने तोंड वळवलं आणि आईचा हात धरून चालू लागली.