विहीणबाईंचं ‘नको’

अगं, जवळ सरक जरा. कागदावरून का होईना, पण जवळ ये. गेल्या खेपेला आलीस ती दारातूनच बोलून पळालीस. चहाला थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? कदाचित तेव्हाच सांगितलं असतं. कदाचित नसतंही. कारण हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, आणि देवाला... देवापुढेसुद्धा मी दुसरंच काहीतरी पुटपुटत बसते.

इथे सिंगापूरला बारा महिने एकच हवा. म्हणून जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली की जो तो थंडी शोधत निघतो. दोन हजार चारची गोष्ट. महेशनं, माझ्या मुलानं, ठरवलं की न्यूझीलंडला जायचं, तिथे गाडी भाड्यानं घ्यायची आणि बर्फाच्या डोंगरांतून, तळ्यांच्या काठाकाठानं आठवडाभर फिरायचं. तो, सून वैदेही, नातू ओजस आणि मी. आणि नेमक्या तेव्हाच वैदेहीची आई, कुसुमताई, सांगलीहून आमच्या इथल्या, पुंगोल भागातल्या फ्लॅटवर राहायला आल्या होत्या.

कुसुमताई कशा? शांत. घरात आहेत हे कळायचंसुद्धा नाही. आणि मी ही अशी, तोंडाला खंड नाही! पण सगळे त्यांच्याभोवती. ओजस इथल्या पोरांच्या इंग्रजीत मला म्हणायचा, “आजी, यू टॉक सो मच ला!” आणि जाऊन त्यांच्या कुशीत झोपायचा. त्यांच्या हातची आमटी महेश वाटी तोंडाला लावून प्यायचा. माझी आमटी त्यानं कधी अशी प्यायली? हे सबब म्हणून नाही सांगत हं. होतं ते सांगते.

महेशनं जेवताना त्यांना विचारलं, “आई, तुम्हीपण चला ना आमच्याबरोबर.”

“अहो, मला कशाला? तुम्ही जाऊन या.”

आता तूच सांग, आपल्यात पहिलं ‘नको’ खरं असतं का गं? पहिल्या विचारण्याला हो म्हटलं की माणूस हावरट ठरतं. त्यातून लेकीचं घर, जावयाचा खर्च. अशा वेळी पुन्हा विचारायचं असतं, हात धरायचा असतो, रुसायचं असतं. मग कुठे माणूस “बरं बाई, तुम्ही काही ऐकणार नाही” म्हणतं. महेशला हे कळत होतं. म्हणूनच त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “तू आग्रह कर. तुझ्याशी मोकळेपणानं बोलतील.”

मी गेले. कुसुमताई पलंगावर बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी हळूच विचारलं, “तिथे साडीवर चालतं का हो? की वैदेहीचा पंजाबी ड्रेस घालावा लागेल?” आणि लाजल्या. आमच्या वयाची बाई, शाळकरी पोरीसारखी लाजली.

“थंडी फार असते म्हणे,” मी म्हटलं. एवढंच. आणि बाहेर आले.

आणि—थांब, आता आडवळणं नकोत—बाहेर येऊन मी महेशला म्हणाले, “नाहीच म्हणतात. डोळ्यांत पाणी आणलं त्यांनी. जावयाच्या पैशानं हिंडणार नाही, पुन्हा विचारलंत तर सांगलीचं तिकीट काढा म्हणाल्या.” एका दमात सुचलं सगळं. कुठून सुचलं? वैदेही ओट्याशी उभी होती. तिनंही ऐकलं.

पुन्हा कुणी विचारलं नाही.

कुसुमताई मात्र वाट बघत होत्या. महेश कामावरून आला की त्या हॉलमध्ये येऊन बसायच्या. तो गाडीचं बोलायचा, रस्त्यांचं बोलायचा, पुन्हा विचारायला नको म्हणून त्यांच्याकडे बघायचं टाळायचा. मी बघायची. एक दिवस त्या हॉलमध्ये यायच्या थांबल्या. आम्ही निघालो तेव्हा आमच्यासाठी दशम्या केल्या, सोबत शेंगदाण्याची चटणी दिली, लिफ्टपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “गाडी सावकाश चालवा हो.”

आणि मी? गाडीत पुढे बसले, मुलाच्या शेजारी. दोन्ही बाजूंना पांढरे डोंगर, आणि वळण घेतलं की एकदम समोर निळं तळं, कुणी नीळ ओतावी तसं. ओजस बर्फात लोळून किंचाळत होता. सुंदर होतं का? होतं गं. खोटं कशाला बोलू आता?

मुक्कामावरून वैदेहीनं घरी फोन लावला. मग माझ्या हातात दिला. कुसुमताईंनी विचारलं, “बर्फ कसा असतो हो हाताला?” मी म्हटलं, “काही विशेष नाही. नुसता गारठा.” बघ, तेवढंसुद्धा दिलं नाही मी त्यांना.

दुसऱ्या दिवशी तळ्याच्या काठी वैदेही माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, “तुम्ही किती हौसेनं आलात. माझ्या आईला माझ्या सुखात यायचंच नसतं. मी तिला परकीच झाले.” आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. तेव्हा बोलता आलं असतं. ‘मी खोटं बोलले’ म्हणायला किती वेळ लागतो? मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आणि खरं सांगू—मला ते आवडलं.

कुसुमताई सांगलीला गेल्या त्या गेल्याच, तीन वर्षं झाली त्याला. “विचारून काय उपयोग, आई नाहीच म्हणणार,” म्हणून वैदेहीनं पुन्हा बोलावलं नाही. परवाच पुढच्या सुट्टीचं बोलणं निघालं. ओजस म्हणाला, सांगलीच्या आजीला आस्क करूया ना. वैदेही म्हणाली, “ती नाही येणार रे.” मी तिथेच बसून मटार सोलत होते. सोलतच राहिले.

कुसुमताईंना कळलेलं असणार. साडीचं विचारून यायचं मन त्यांनी फक्त मलाच दाखवलं होतं ना? लेकीला एका वाक्यात सांगू शकतील. सांगत नाहीत. उलट दर रविवारी फोनवर तिला म्हणतात, “सासूबाईंना जप हो. त्या आहेत म्हणून मला तुझी काळजी नाही.” वैदेही फोन कानाला तसाच धरून मला ते सांगते, कौतुकानं. मी हसते.

आता तुला ठाऊक झालंय मी कशी आहे ते. तरी ये. लवकर ये, आणि रविवारीच ये. मी हसते तेव्हा, सगळं माहीत असलेलं एक तरी माणूस समोर बसलेलं असू दे.